ठकूचं पत्र आणि कर्नलसाहेबांचं घर

परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "ट्युलिप बघितले का?" नाही बघितले. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या दिवसांत तिथे ट्युलिप नसतात. आडवा पाऊस असतो, छत्री उलटी करणारा वारा असतो आणि दुपारी साडेचारला अंधार पडतो. मी बघितलं ते एका अमेरिकन कर्नलचं घर. त्या घरात काय आहे हे सांगायला लागले की समोरच्याचा चेहरा उतरतो. लोकांना सहलीची गोष्ट हवी असते आणि माझ्या गोष्टीत रागच जास्त आहे. म्हणून आता लिहूनच काढते. ज्यांना ट्युलिप हवे असतील त्यांनी इथेच थांबावं.

डीमन

माझी मुलगी मुग्धा सहा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या व्हिसावर नेदरलँड्सला गेली. निखिल सॉफ्टवेअरमध्ये आहे. मुग्धाने तिथे नेटाने डच शिकून स्वतःचं भाषांतराचं काम सुरू केलं. अ‍ॅमस्टरडॅमला लागून असलेल्या डीमनमध्ये चौथ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट आहे. खाली ट्राम, पलीकडे कालवा. कोविडमुळे दोन वर्षं आमची भेट नव्हती. सीमा बंद, विमानं रद्द, व्हिसाचं ऑफिसही बंद. शेवटी तिच्या बाळंतपणासाठी मला नव्वद दिवसांची परवानगी मिळाली आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी दोन मास्क एकावर एक लावून, मेथी-डिंकाच्या लाडवांचे तीन डबे घेऊन तिथे पोचले.

नात झाली. तिसऱ्या तासाला हॉस्पिटलने घरी पाठवलं. मी हबकलेच. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बेल वाजली आणि दारात एक उंच, लालबुंद गालांची बाई उभी. तिचं नाव विल्मा. तिथे बाळंतिणीकडे आठ दिवस सरकारी पद्धतीने नर्स घरी येते. ती बाळाला न्हाऊ घालते, आईचे टाके बघते, वर संडासही घासते. मास्क लावून आलेल्या विल्माने पहिल्या दिवशी मला स्वयंपाकघरातून हुसकलं, दुसऱ्या दिवशी लाडू खाल्ला आणि तिसऱ्या दिवशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत आमची मैत्री झाली. तिने बाळाच्या नावाने कुरकुरीत टोस्टवर लोणी लावून वर गुलाबी-पांढऱ्या गोळ्या पेरल्या. मी एक गोळी चावली, तर आत बडीशेप! बाळंतिणीला दूध यावं म्हणून. आपल्याकडे बाळंतशेप देतात तीही त्याचसाठी. इतक्या दूरच्या बायकांनाही तेच सुचावं, याचं मला फार बरं वाटलं. या सगळ्या प्रवासात निखळ बरं वाटलं ते तेवढंच, म्हणून आधी सांगून टाकलं.

मी पुण्यात एका दफ्तरखान्यात तीस वर्षं मोडी वाचायचं काम केलं. रुमालात बांधलेले जुने कागद सोडायचे, वाचायचे, देवनागरीत उतरवायचे. मुग्धाने हे विल्माला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग तुम्ही आमच्या गावाला यायलाच हवं. तिथे एका कर्नलचं घर आहे. तो अमेरिकन होता, बॉम्बेत व्यापार करायचा. आता तिथे छोटं संग्रहालय आहे. त्यात तुमच्याकडचं बरंच काही आहे."

"तुमच्याकडचं" हा शब्द मला तेव्हाच टोचायला हवा होता.

कर्नलचं घर

डिसेंबरच्या सुरुवातीला विल्मा तिच्या सुट्टीच्या दिवशी मला गाडीने घेऊन गेली. गावाचं नाव लिहीत नाही. तिथे चांगली माणसंही राहतात आणि त्यांतली एक मला लाडक्या मैत्रिणीसारखी आहे.

रस्ता सरळ, पट्टीने आखल्यासारखा. दोन्हीकडे शेतं, शेतांमध्ये कुंपणाऐवजी पाण्याचे चर. गाई पावसात तशाच उभ्या. पाण्याची पातळी रस्त्याच्या वर आणि घरं खाली, हे दृश्य मला शेवटपर्यंत पचलं नाही. घरांच्या खिडक्यांना पडदे नाहीत. आत लोक जेवताहेत, वाचताहेत आणि बाहेरचा कुणी बघतही नाही. आमच्याकडे तर अख्खी आळी खिडकीशी जमली असती.

संग्रहालयाच्या दारात पहिली अडचण आली. आत जायला लसीचा चौकोनी कोड दाखवावा लागे आणि माझा पुण्याचा कोड त्यांच्या फोनला वाचता येईना. दारावरच्या स्वयंसेवकाने तीनदा फोन फिरवला, मग माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच तो घरी छापला आहे. विल्माने मला वीस मिनिटांवरच्या चाचणी केंद्रात नेलं, तिथे नाकात काडी घालून घेतली आणि चोवीस तासांपुरती मी निरोगी ठरले. परत येईपर्यंत दुपारचे दोन वाजले. विल्माने डब्यातून पाव-चीज आणि ताक काढलं. ताकात मीठ नाही, जिरं नाही. नुसतंच आंबट. प्याले.

घर मात्र देखणं होतं. दोन मजली, लाल विटांचं, उंच खिडक्यांचं. आत कर्नलची हकिकत ओळीने फलकांवर लावली होती. विल्मा वाचून सांगत होती, मी ऐकत होते.

कर्नल टोबायस व्हाइटकोम हे त्यांचं नाव. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरचा गरीब घरातला मुलगा. त्या काळी तिथल्या तळ्यांचा बर्फ हिवाळ्यात करवतीने कापून, भुशात गुंडाळून जहाजांनी थेट मुंबईला आणत. मुंबईत फोर्टात बर्फघर होतं आणि साहेबलोक त्या बर्फाने पेयं थंड करत. व्हाइटकोम अशाच एका बर्फाच्या जहाजाबरोबर मुंबईला आले आणि तिथेच राहिले. परतीच्या जहाजांत कापूस भरायला लागले. एका डच व्यापाऱ्याच्या मुलीशी, कॅथरीनाशी, लग्न केलं. हेन्री आणि क्लारा ही मुलं मुंबईतच जन्मली. मग अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. त्यांनी बायकामुलांना कॅथरीनाच्या माहेरी, या गावी, पाठवलं आणि स्वतः अमेरिकेला जाऊन उत्तरेच्या सैन्यात स्वयंसेवक म्हणून भरती झाले. पायाला गोळी लागली. कर्नल होऊन परतले, इथेच स्थायिक झाले, गावात वाफेवर चालणारी गिरणी काढली, शाळेला घंटा दिली. शेवटचा फलक मोठ्या अक्षरांत होता. त्यावर कर्नल गुलामांच्या स्वातंत्र्यासाठी लढले, असं लिहिलं होतं.

मला माणूस आवडायला लागला होता, हे कबूल करते.

कौटुंबिक छायाचित्रात कर्नल, बायको, दोन मुलं आणि एक प्रचंड कुत्रा बसलेला. मागे, अर्धी दाराच्या सावलीत, एक बाई. नऊवारी नव्हे, डच पद्धतीचा काळा झगा. पण केस मधोमध भांग पाडून मागे घट्ट बांधलेले, कपाळावर गोंदण.

"ही कोण?"

विल्मा खालची ओळ वाचून म्हणाली, "कर्नल, कॅथरीना, हेन्री, क्लारा, सुलतान, आणि बाबू."

"बाबू? ही तर बाई आहे."

विल्मा जरा अवघडली. जावा-सुमात्रामधल्या डच घरांत मुलं सांभाळणाऱ्या बाईला 'बाबू' म्हणत, असं तिने सांगितलं. म्हणजे कुत्र्याला नाव होतं. बाईला हुद्दा होता, आणि तोही दुसऱ्याच देशातला. पुढच्या फलकावर तिच्याबद्दल एकच वाक्य होतं: एकनिष्ठ बाबूचा मुलांवर इतका जीव होता की तिने मायदेशी परत जायला नकार दिला.

आणि त्याच्याच शेजारी, कर्नलच्या मेजाच्या वर, एक चौकट लटकवली होती. आत पिवळा पडलेला कागद. खाली लिहिलं होतं, "एका हिंदी राजाचं कर्नलना अरबी भाषेतलं पत्र. कर्नलच्या मेजात सापडलं."

तीस वर्षं जे वाचलं ते डोळ्यांना लांबूनही ओळखता येतं. मोडी लिहिताना आधी आडवी रेघ मारतात आणि अक्षरं त्या रेघेला खाली लोंबतात. इथे अक्षरं रेघेवर उभी होती, डच लोक रेघेवर लिहितात तशी. म्हणूनच लावणाऱ्याला ते सरळ वाटलं असणार. वर असायची ती 'श्री' पार तळाशी, डोक्यावर उभी होती. मी मान वाकडी करून चौकटीखाली वाकले. दिसलं ते एवढंच: "चिरंजीव ठकू हीस..."

"विल्मा, हे अरबी नाही. हे मराठी आहे. उलटं लावलंय. आणि हे कर्नलला नाही, कुणा ठकूला आहे."

आवाज बहुतेक चढला असावा, कारण संग्रहालय चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष आतून आले. कोर्नेलिस नावाचे, निवृत्त मास्तरांसारखे दिसणारे गृहस्थ. विल्माने डचमध्ये सांगितलं ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मी चौकट उघडून बघू का विचारलं.

"ते शक्य नाही," ते म्हणाले. "ही वस्तू कर्नलच्या कुटुंबाने विश्वासाने दिली आहे. मजकूरही कुटुंबाच्या पुस्तकातूनच घेतलाय."

"पण तो चुकीचा आहे."

"तुमचं मत फार रंजक आहे," ते म्हणाले.

मी काचेतूनच फोनवर फोटो घेतले. सात-आठ. त्यातले चार बरे आले.

पुन्हा डीमन

पुढच्या आठवड्यात टाळेबंदी लागली. दुकानं, शाळा, संग्रहालयं, सगळं बंद. घरात दोनपेक्षा जास्त पाहुणे नकोत म्हणून विल्माचंही येणं थांबलं. निखिल बेडरूममध्ये मीटिंगा करायचा, बाळ हॉलमध्ये रडायचं आणि मी जेवणाच्या टेबलाशी फोटो मोठे करकरून वाचत बसायचे. कागदाच्या कडा चौकटीखाली दबल्या होत्या, दोन ठिकाणी वाळवीने खाल्लं होतं. तरी तीन दिवसांत मजकूर लागला.

पत्र मुंबईहून, सखाराम नावाच्या भावाचं. त्याला लिहिता येत नसणार, कुणा कारकुनाकडून लिहवून घेतलेलं. वळण सफाईदार होतं. सुरुवातीला आशीर्वाद, कुशल. मग लिहिलं होतं की साहेबांनी तुला एक पावसाळा म्हणून नेलं, आता पाच पावसाळे झाले. याआधी दोन पत्रं धाडली, जबाब नाही. इकडे यमूला देवी आल्या होत्या. मुलगी त्यातून उठली, देवाची कृपा, पण तोंडावर वण राहिले आहेत. ती रोज विचारते, आई आली तर मला ओळखेल का? साहेबांना हात जोडून सांगावं, मुंबईला येणाऱ्या कुठल्याही जहाजावर बसवून द्यावं. आम्ही धक्क्यावर येऊ. आणि शेवटी, तिला वाचता येत नाही हे ठाऊक असल्यामुळे, एक ओळ वाचणाऱ्यासाठी होती: जो कोणी वाचून दाखवील त्याने सावकाश वाचावं, ती दोनदा ऐकेल.

मग मुग्धाला मोठ्याने वाचून दाखवलं. ती बाळाला पाजत होती. तिने एकदाच विचारलं, "केवढी होती ती यमू?"

"पत्रात लिहिलंय, नवव्या वर्षात. म्हणजे सोडून आली तेव्हा तीन-चारची असेल."

मी त्या अध्यक्षांना पत्र लिहिलं, मराठीत. मुग्धा त्याचं डच करणार होती. मी स्पष्ट लिहिलं होतं की हे पत्र एका आईचं आहे, ते तिला न देता मेजात ठेवणं म्हणजे चोरी, आणि तिला एकनिष्ठ म्हणणं म्हणजे वर थट्टा. आठवड्याने उत्तर आलं. "आपल्या मैत्रीपूर्ण पत्राबद्दल आभार."

"मैत्रीपूर्ण?" मी म्हटलं. "मी मैत्रीपूर्ण काय लिहिलं होतं? मुग्धा, तू काय पाठवलंस?"

तिने लॅपटॉप वळवून दाखवला नाही, पण कबूल केलं. 'चोरी'चं तिने 'खेदजनक गैरसमज' केलं होतं. थट्टेचं वाक्य गाळलं होतं.

"अगं, पत्र न देण्यात कसला गैरसमज?"

"आई, प्लीज. तू फेब्रुवारीत परत जाणार. आम्हाला इथे राहायचंय. इथे असं बोलत नाहीत लोक."

"इथले लोक तोंडावर बोलतात म्हणून तूच कौतुक करतेस ना?"

"ते बोलतात. आपण बोललो की त्याला अ‍ॅटिट्यूड म्हणतात."

माझा राग गेला नाही, उलट अध्यक्षांबरोबर तिच्यावरही आला. पुढचा एक दिवस आम्ही बाळाच्या लंगोटांपुरतंच बोललो.

अध्यक्षांच्या पत्रात आणखीही होतं. वाचन एखाद्या स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासून घ्यावं लागेल. तोवर फलक बदलता येणार नाही. तीस वर्षं मी जे उतरवलं त्यावर कोर्टात जमिनींचे निकाल लागले आहेत. पण उलटं-सुलटं न कळणाऱ्या माणसाला माझी तपासणी करायची होती.

मार्ग विल्माने काढला. कर्नलच्या पणतीला, योहानाबाईंना, ती लहानपणापासून ओळखत होती. वय ऐंशीच्या पुढे. विल्माने फोन करून सांगितलं की पुण्याची एक बाई पत्र वाचू शकते. योहानाबाई म्हणाल्या, संग्रहालय उघडलं की भेटू. त्यांनी डायरी काढून वारही दिला, वेळही दिली: साडेदहा ते साडेअकरा.

चौकट

जानेवारीच्या शेवटी निर्बंध उठले. माझ्या परतीला सहा दिवस होते. मुग्धा बाळाला छातीशी बांधून बरोबर आली. "भाषांतर करते, पण भांडण लावू नकोस," असं तिने आगगाडीत दोनदा बजावलं. स्टेशनवरून गावाची बस आमच्या डोळ्यांदेखत गेली, पुढची तासाने. थंडीत उभं राहण्यापेक्षा चालू म्हणून निघालो तर मागून विल्माची गाडी आली. नशीब.

योहानाबाई सडपातळ, ताठ बसणाऱ्या, पांढरे केस नीट कापलेले. कॉफी आली, बिस्किटांचा डबा फिरला, प्रत्येकीने एक घेतलं आणि झाकण लागलं. त्या प्रेमाने बोलत होत्या. हे पत्र त्यांच्या घरातली लाडकी वस्तू होती.

"मी सात वर्षांची असेन," त्या सांगू लागल्या. "पणजोबांच्या मेजात चोरकप्पा होता. वडिलांनी तो उघडला तर आत हे पाकीट. लाखेचा शिक्का जसाच्या तसा. वडिलांनी तो माझ्यासमोर फोडला, केवढा आवाज झाला! आम्हाला वाटलं आत जवाहीर असेल."

मुग्धा भाषांतर करता करता थांबली. मला म्हणाली, "आई, शिक्का तोपर्यंत फुटलाच नव्हता."

म्हणजे मी जे अनुमान करत होते ते योहानाबाई हसत हसत, आठवण म्हणून, सांगत होत्या.

मी म्हटलं, "त्यांना विचार, पाकिटावर नाव कुणाचं होतं?"

योहानाबाईंना आठवेना. पाकीट वेगळं नव्हतं; कागदच दुमडून त्याचं पाकीट केलेलं होतं. म्हणजे पत्ता चौकटीच्या आत, मागच्या बाजूला. मी पुन्हा म्हटलं की चौकट उघडा. कोर्नेलिस पुन्हा नियम सांगू लागले. योहानाबाईंनी हात वर केला. "चौकट माझ्या वडिलांची आहे. उघडा."

कोर्नेलिसनी पांढरे हातमोजे घातले. खिळे काढले, पुठ्ठा काढला, कागद उचलून हळूच पालथा केला. मागे लाखेचा तपकिरी डाग आणि त्याखाली, ठळक, वळणदार इंग्रजीत पत्ता होता. कर्नलच्या बायकोच्या माहेरचा पत्ता, आणि त्याच्याही वर पहिलीच ओळ, खाली दोनदा रेघ ओढलेली: ठकू आया हिच्या हाती द्यावे.

इंग्रजीत. कर्नलच्या मातृभाषेत. मोडी त्यांना येत नव्हती हे मान्य. पण हे तर येत होतं.

योहानाबाई ती ओळ परत परत वाचत होत्या. मग मी विचारलं, पत्र वाचून दाखवू का? त्यांनी मान हलवली. मी मराठीत सावकाश वाचलं, आणि मग मुग्धाने डचमध्ये सांगितलं. या वेळी तिने काही गाळलं नाही. मला भाषा कळत नव्हती, पण यमूच्या ओळीपाशी विल्माने तोंड फिरवलं तेव्हा ते कळलं.

पहिले बोलले ते कोर्नेलिस. घसा साफ करून म्हणाले, "दुःखद आहे. पण वस्तुनिष्ठपणे बघितलं तर, पत्र दिलं असतं तरी तिला वाचता आलं नसतं. या गावात ते वाचणारं कुणीच नव्हतं."

मुग्धाने हे मला मराठीत सांगितलंच नाही. ती उठून उभी राहिली, बाळाच्या पाठीवर हात ठेवून, आणि डचमध्ये बोलायला लागली. आवाज चढला नव्हता. पण माझी मुलगी लहानपणी नाहक शिक्षा झाल्यावर जशी बोलायची तशी ती बोलत होती, एकेक शब्द सुटा. कोर्नेलिसचे कान लाल झाले.

नंतर विचारल्यावर तिने सांगितलं. ती म्हणाली होती, "न वाचता उशाशी ठेवण्याचाही हक्क तिचा होता. आणि नाव ओळखायला वाचता यावं लागत नाही. 'तुझ्या भावाचं पत्र आलंय' एवढं सांगायला तर काहीच लागत नाही. तुमच्या कर्नलने लोकांच्या गुलामांसाठी पायात गोळी घेतली, आणि स्वतःच्या घरातल्या बाईला तिचा कागद दिला नाही. हे तुमच्या फलकावर कुठे आहे?"

योहानाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "आम्हाला सांगायचे की तिचा आमच्या घरावर इतका जीव होता की ती परत गेलीच नाही. माझी आजी सांगायची, आजोबा सांगायचे. मीही माझ्या मुलांना सांगितलं." मग म्हणाल्या, "तिला मुलगी होती हे कुणीच कसं सांगितलं नाही?"

मला त्यांची दया यायला हवी होती. थोडी आलीही. पण मी मुग्धाला म्हटलं, "त्यांना सांग, कुणी विचारलं नाही म्हणून."

मुग्धाने सांगितलं.

चर्चचं आवार

ठकूचं पुढे काय झालं ते योहानाबाईंनीच चर्चच्या जुन्या वहीतून काढून ठेवलं होतं. तिला 'मारिया' नाव देऊन बाप्तिस्मा दिला गेला होता. पत्रानंतर दोन हिवाळ्यांत ती छातीच्या दुखण्याने गेली. तेव्हा कर्नलची मुलं शाळेत जायच्या वयाची होती, म्हणजे तिच्या कामाचं प्रयोजनही संपलं होतं.

आम्ही तिची कबर बघायला गेलो. पाऊस थांबला होता, गवतावर बर्फाचा चुरा. व्हाइटकोम घराण्याच्या कबरी लोखंडी कठड्यात, काळ्या दगडाच्या, अक्षरं सोनेरी. मारिया कुठे आहे विचारलं तर कोर्नेलिसनी एका मोकळ्या हिरवळीकडे बोट दाखवलं. त्या देशात कबरीची जागा ठराविक मुदतीची असते. मुदत संपली आणि कुणी पुढे मागून घेतली नाही, की कबर मोकळी करतात, अस्थी काढून एकत्र पुरतात. तिची केव्हाच मोकळी झाली होती.

"सगळ्यांना हाच नियम आहे," ते म्हणाले.

मी त्या लोखंडी कठड्याकडे बघितलं. त्यांनीही बघितलं. तिथून परतताना त्यांनी माझ्यासाठी गाडीचं दार उघडून धरलं, आणि अवघडून विचारलं की 'ठकू' डच अक्षरांत कसं लिहायचं. मी तीनदा उच्चारून दाखवलं. 'ठ' त्यांना येईना. 'टाकू' म्हणत राहिले. शेवटी मी त्यांच्या वहीत देवनागरीत लिहून दिलं आणि खाली मोडीत. म्हटलं, येत नसेल तर हे असंच छापा.

योहानाबाई निरोप घेताना हात मिळवणार होत्या, मग कोविडची आठवण होऊन त्यांनी कोपर पुढे केलं. आम्ही कोपराला कोपर लावलं. त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांना माफ केलं का, असं विल्माने गाडीत विचारलं. मी म्हटलं, ते माझ्या हातात नाही. ज्या दोघींच्या हातात होतं त्यातल्या एकीची कबरही ठेवली नाही, आणि दुसरी मुंबईत कुठल्या धक्क्यावर किती दिवस उभी राहिली हे कुणालाच ठाऊक नाही.

पुणे

फेब्रुवारीत परतले. दोन महिन्यांनी मुग्धाचा फोन आला. फलक बदलला होता. तिने फोटो पाठवला. पत्र सरळ लावलेलं, दोन काचांमध्ये, म्हणजे मागची पत्त्याची ओळही दिसते. छायाचित्राखाली 'बाबू' गेलं, तिथे ठकू, रोमन, देवनागरी आणि मोडी अशा तिन्ही लिप्यांत. 'एकनिष्ठ' शब्द योहानाबाईंनी स्वतः काढायला लावला, असं विल्माने कळवलं. पत्राचा संपूर्ण मजकूर डचमध्ये खाली दिला आहे आणि वाचणाऱ्याचं नाव म्हणून माझंही.

मुग्धा एकेक ओळ मराठीत सांगत होती, मी समाधानाने ऐकत गेले आणि शेवटच्या ओळीपाशी अडले. त्यात लिहिलं होतं, "हे पत्र ठकूपर्यंत पोचायचं राहून गेलं."

राहून गेलं! छत्री बसमध्ये राहून जाते. दूध आणायचं राहून जातं. चोरकप्प्यात, शिक्क्यासकट, हयातभर जपून ठेवलेलं पत्र राहून कसं जाईल? माझं डोकं पुन्हा तापलं. मी तिथल्या तिथे मुग्धाला म्हटलं, "कागद घे. मी सांगते ते लिही आणि एक शब्दही बदलू नकोस."

पलीकडे बाळ कसलातरी खुळखुळा आपटत होतं. मुग्धा म्हणाली, "आई, मी सकाळीच पाठवलंय त्यांना."

"काय पाठवलंस?"

"एकच ओळ. 'राहून गेलं' काढा, 'कर्नलने तिला दिलं नाही' असं लिहा."

उत्तर अजून आलेलं नाही. ती दर सोमवारी तीच ओळ परत पाठवते.